मी न टाकलेलं बेरियम

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. रात्रीचे साडेअकरा. विजेचा गोंगाट रेकॉर्डिंगमध्ये शिरू नये म्हणून खोलीतले दिवे, पंखा, सगळं बंद केलं होतं आणि अंधारात फक्त स्क्रीन. काचेच्या बारीक पिपेटच्या तोंडाशी पेशीपटलाचा जेमतेम मायक्रोमीटरभराचा तुकडा (आमच्या भाषेत पॅच) चिकटलेला, आणि त्या तुकड्यात नशिबाने एकच चॅनल, म्हणजे आयनांना वाट देणारं प्रथिन, आलेलं. कॅल्शियमने उघडणारं, मोठ्या क्षमतेचं पोटॅशियम चॅनल. आमच्यात त्याला सगळे नुसतं बीके म्हणतात. स्क्रीनवरची प्रवाहाची रेघ शून्यावरून उडी मारून दहा पिकोअँपिअरवर जायची, क्षणभर खाली यायची, परत वर. दहा पिकोअँपिअर म्हणजे एका सेकंदाला साधारण सहा कोटी पोटॅशियम आयन, एका रेणूच्या एका भोकातून.

मग रेघ शून्यावर आली आणि तिथेच राहिली. मी मोजत बसले. एक, दोन, तीन, चार, पाच. पॅच गेला, आता नवी पिपेट भरायची, असं मनात येईपर्यंत रेघ परत वर गेली, बरोबर त्याच उंचीवर. पुढच्या मिनिटाभरात तेच आणखी तीनदा झालं. एकदा चार सेकंद, एकदा सात, एकदा दोन.

सकाळी मी प्रिंटआऊट सरांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बेरियम."

"सर, मी बेरियम टाकलेलंच नाही."

"तू नाही टाकलंस. मिठातून आलंय. बाटली आण बघू."

पोटॅशियम क्लोराइडच्या बाटलीवर अशुद्धींचा तक्ता छापलेला असतो. तो मी तोपर्यंत कधी वाचलेला नव्हता. त्यात बेरियम होतं: जास्तीत जास्त ०.००१ टक्के. सरांनी तिथेच कागदावर हिशेब करायला लावला. दीडशे मिलिमोलर द्रावण म्हणजे लिटरला ११ ग्रॅम मीठ, त्याचा एक लाखावा भाग म्हणजे ०.११ मिलिग्रॅम, आणि बेरियमचा अणुभार १३७. उत्तर आलं ०.८ मायक्रोमोलर. एवढं बेरियम त्या चॅनलला दर काही सेकंदांनी गाठून अडवायला पुरतं.

"मग सिद्ध कर," सर म्हणाले. शाळेत बेरियम ओळखायची एक परीक्षा असते: सल्फेट टाकलं की पांढरा साका खाली बसतो, कारण बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. द्रावणात दहा मिलिमोलर सल्फेट घातलं की मोकळं बेरियम नॅनोमोलरमध्ये उतरतं. त्या रात्री मी नव्या पॅचवर आधी साधं द्रावण सोडलं, मग सल्फेटवालं. रेघेच्या शून्यावरच्या त्या लांब विश्रांती जवळपास बंद झाल्या. साधं द्रावण परत आणलं, विश्रांती परत आल्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बेरियम घातलं, आधी थोडं, मग त्याच्या दुप्पट. विश्रांतींची संख्या दुप्पट झाली, पण एकेका विश्रांतीची सरासरी लांबी तीच राहिली. याचा अर्थ लावायला मला अर्धा दिवस लागला. बेरियम जास्त असेल तर ते भोकापाशी वारंवार येतं. पण एकदा आत बसलं की किती वेळ बसायचं, हे बाहेर त्याचे भाऊबंद किती आहेत यावर ठरत नाही. म्हणजे प्रत्येक विश्रांती हा एकच आयन होता. एक आयन येतो, बसतो, पाच सेकंद तीस कोटी पोटॅशियम आयनांची वाट अडवतो आणि निघून जातो. एका अणूचं येणं-जाणं मी हाताच्या बोटांवर मोजत होते. त्या गोष्टीचा माझ्यावर जो परिणाम झाला तो आज अठरा वर्षांनीही तसाच आहे.

हे आत्ता लिहायला बसले त्याचं कारण बाबा आहेत. त्यांच्याकडे थोड्या वेळाने येते.

आधी ते भोक. पेशीपटल हा मेदाचा दुपदरी पडदा, जाडी चार-पाच नॅनोमीटर. पाण्यात असलेला कुठलाही धातूचा आयन स्वतःभोवती पाण्याचे रेणू घट्ट ओढून बसलेला असतो. ते पाणी टाकून तेलकट पडद्यात शिरणं त्याला परवडत नाही. चॅनल नावाचं प्रथिन त्याला वाट देतं, पण पाण्याची भरपाईही करून देतं, आणि खरी करामत या भरपाईत आहे. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनलची रचना क्ष-किरणांनी उलगडली. २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. चॅनलच्या बाहेरच्या तोंडाशी बारा अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) लांबीची एक अरुंद नळी आहे. तिच्या भिंतीतून ऑक्सिजनचे अणू आत डोकावतात आणि पोटॅशियम नळीत शिरतो तेव्हा आठ ऑक्सिजन त्याला वेढून घेतात, जवळपास पाण्याने वेढलं होतं तसंच. पोटॅशियमची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम, ती त्या वेढ्यात नेमकी बसते. सोडियमची ०.९५. सोडियम लहान आहे, तरी त्याला तिथून जाता येत नाही, कारण एवढ्या ढगळ वेढ्यात त्याच्या पाण्याची भरपाई होत नाही. लहान आयनाला मोठ्या आयनाच्या वाटेवर अडवणारी ही चाळणी मी वर्गात शिकवते तेव्हा मुलं हमखास थांबवतात आणि परत सांगायला लावतात. चाळणी म्हटलं की बारीक ते खाली पडणार आणि जाड ते वर राहणार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

आता बेरियम. त्रिज्या १.३५. म्हणजे माप जवळजवळ पोटॅशियमचंच, पण प्रभार दुप्पट. त्यामुळे वेढा त्याला चपखल बसतो आणि ऑक्सिजन त्याला पोटॅशियमपेक्षा कितीतरी घट्ट धरतात. आत आलेलं बेरियम लवकर सुटत नाही, आणि रांगेत मागे उभ्या पोटॅशियमला ओलांडून जायला जागाच नसते.

माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम १९८८ चं आहे. जॅक नेटन आणि क्रिस्टोफर मिलर यांनी हेच बेरियम बीके चॅनलच्या आत कंदिलासारखं वापरलं. रचना तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. त्यांनी काय केलं, तर चॅनलमध्ये बेरियम अडकलेलं असताना बाहेरच्या बाजूचं पोटॅशियम थोडं थोडं वाढवलं आणि विश्रांती किती लांबतात ते मोजलं. थोडं पोटॅशियम आलं की विश्रांती लांबल्या. बेरियम एरवी बाहेरच्या बाजूने सुटत होतं, आता त्याच्या पुढ्यात एक पोटॅशियम आयन येऊन बसला आणि दार अडलं. पोटॅशियम आणखी बरंच वाढवलं तर उलट झालं: विश्रांती आखूड झाल्या. आता बाहेरून रेटा इतका वाढला होता की बेरियम मागच्या बाजूने, पेशीच्या आतल्या अंगाला ढकललं जात होतं. तेच सोडियम वापरून केलं तर पुढ्यातली ती जागा सोडियमला जवळपास ओळखतच नव्हती. नुसती सेकंदं मोजून त्यांनी सांगितलं की नळीत एकापुढे एक अशा अनेक आयनांच्या बैठका आहेत, कोणती कुठे आहे आणि कोणाला पसंत करते. मॅकिनन याच मिलर यांच्या प्रयोगशाळेत शिकले. दहा वर्षांनी रचना आली तेव्हा त्या बैठका खरोखर रांगेत होत्या, आणि २००० साली स्फटिकातलं बेरियमही सापडलं, नळीच्या आतल्या टोकाशी. हे शोधनिबंध मी एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी लावून ठेवले आहेत.

पोटॅशियम चॅनलवर मी जास्त रेंगाळते, हे माझं प्रेम आहे. पण कॅल्शियम चॅनलचं कोडं याहून अवघड. सोडियम ०.९५ आणि कॅल्शियम ०.९९. मापात फरक असा नाहीच. शिवाय पेशीबाहेर सोडियम कॅल्शियमच्या शंभरपट. तरी कॅल्शियम चॅनल हजार कॅल्शियममागे एखादाच सोडियम सोडतं. आणि बाहेरचं कॅल्शियम पार काढून टाकलं तर? तर त्याच चॅनलमधून सोडियम धो-धो वाहू लागतो. १९८४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे मोजलं: अशा वाहत्या सोडियममध्ये फक्त एक मायक्रोमोलर कॅल्शियम घातलं की प्रवाह निम्म्यावर येतो. म्हणजे कॅल्शियम तिथे आधी अडथळा म्हणून येऊन बसतं. नळीत चार ग्लुटामेट (प्रथिनातलीच अमिनो आम्लं) एकमेकांकडे तोंड करून बसलेले असतात, चौघांवर ऋण प्रभार, आणि ते कॅल्शियमला इतकं घट्ट धरतात की सोडियमला त्याला हुसकावणं शक्य नाही. त्याला हलवायला दुसरं कॅल्शियमच मागून यावं लागतं. म्हणून कॅल्शियम जितकं वाढवाल तितकं अडणंही थांबतं आणि वाहणं सुरू होतं. एकच आयन, तोच कुलूप आणि तोच प्रवासी.

कॅडमियमला हे साधत नाही. त्रिज्या ०.९७, प्रभार तोच, पण ग्लुटामेटशी त्याची गाठ फार घट्ट बसते. तो येतो आणि राहतो. शंभर मायक्रोमोलर कॅडमियम टाकलं की चेतापेशीतले कॅल्शियम प्रवाह काही क्षणांत सपाट होतात. आमच्या कामात याचा रोजचा उपयोग: कॅडमियमआधीचं रेकॉर्डिंग वजा कॅडमियमनंतरचं, जे उरलं तो कॅल्शियमचा प्रवाह. हातमोजे घालून वापरायचं आणि वाया गेलेलं द्रावण वेगळ्या बाटलीत, बेसिनमध्ये कधीच नाही. कॅडमियम बेसिनमध्ये ओतताना कोणी दिसलं तर मी अजूनही आवाज चढवते.

आणि गंमत पाहा, पोटॅशियम चॅनलमध्ये खिळून बसणारं आमचं बेरियम कॅल्शियम चॅनलमधून सुरळीत वाहतं, काही प्रकारच्या चॅनलमधून तर कॅल्शियमपेक्षाही जास्त. म्हणून कॅल्शियम प्रवाह मोजताना आम्ही कित्येकदा कॅल्शियमच्या जागी बेरियमच घालतो. एकाच वेळी पोटॅशियमचा गोंगाटही बंद होतो, आणि कॅल्शियम आत गेल्यावर चॅनल स्वतःहून मिटतं ते मिटणंही बरंच कमी होतं, कारण त्यासाठी आत बसलेलं कॅल्मोड्युलिन हे प्रथिन बेरियमला फारसं धरत नाही.

निकेल, कोबाल्ट, लॅन्थनम हे सगळे याच कुळातले अडवणारे, त्यांच्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही. फक्त गॅडोलिनियमबद्दल एक सूचना, कारण त्यात माझे तीन आठवडे गेले आहेत. ताणाने उघडणारी चॅनल्स ते अडवतं, हे १९८९ पासून माहीत आहे. पण द्रावणात फॉस्फेट किंवा बायकार्बोनेट असेल तर गॅडोलिनियमचा साका होतो आणि पेशीपर्यंत पोचणारं मोकळं गॅडोलिनियम नगण्य उरतं. तुमच्या नोंदवहीत "गॅडोलिनियमचा परिणाम नाही" असं लिहिलेलं असेल तर आधी बफर तपासा.

मॅग्नेशियमवर मात्र थांबावंच लागेल. मॅग्नेशियम लहान आणि दुहेरी प्रभाराचं, त्यामुळे ते पाण्याला विलक्षण घट्ट धरतं. कॅल्शियमभोवतीचा पाण्याचा रेणू सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलतो, मॅग्नेशियमभोवतीचा त्याच्या सुमारे हजारपट सावकाश. आपलं पाणी न सोडणारा आयन अरुंद जागेत अडकणारच. मेंदूतल्या एनएमडीए ग्राहीच्या, म्हणजे संदेशाचं रसायन येऊन बसलं की उघडणाऱ्या एका चॅनलच्या, नळीत तो नेमका असाच अडकतो. १९८४ साली, पुन्हा दोन गटांनी, हे दाखवलं. चेतापेशी विश्रांतीत असते, आतून सुमारे उणे सत्तर मिलिव्होल्ट, तेव्हा बाहेरचं धन प्रभाराचं मॅग्नेशियम त्या ओढीने नळीत खेचलं जातं आणि तिथे बसून राहतं. ग्लुटामेट आलं (इथे ते चेतापेशींमधलं संदेशाचं रसायन), ग्राही उघडला, तरी प्रवाह जवळजवळ नाही. त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या संदेशाने पेशी उत्तेजित झाली आणि आतला ऋणपणा कमी झाला, तर ती ओढ सैल होते, मॅग्नेशियम बाहेर पडतं आणि कॅल्शियम आत येतं. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच दार उघडतं, आणि दोन गोष्टी एकत्र घडल्याची नोंद ठेवणं हा आपल्या शिकण्याचा एक पाया आहे. द्रावणातून मॅग्नेशियम काढून टाका, मेंदूच्या कापात झटक्यांसारखे विद्युतस्फोट सुरू होतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात थांबला होता. एका मिठाची एक पुडी घालायची राहिली होती, बाकी काहीही बदललेलं नव्हतं.

आता बाबा. त्यांची मूत्रपिंडं गेली काही वर्षं कमजोर आहेत. या वर्षी एका रात्री त्यांना हातापायांत जोर वाटेना. दवाखान्यात नेलं, पोटॅशियम ७.४ आलं. ३.५ ते ५ असायला हवं. ईसीजीच्या पट्टीवर टी-लहरी तंबूसारख्या टोकदार आणि क्यूआरएस, म्हणजे ठोका हृदयात पसरतानाचा उंच भाग, रुंद पसरलेला. ती पट्टी माझ्या हातात होती आणि ती मला वाचता येत होती, हे त्या वेळी बरं होतं की वाईट, ते सांगता येणार नाही. डॉक्टरांनी दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, दहा मिलिलिटर, शिरेतून हळूहळू दिलं. तीन-चार मिनिटांत मॉनिटरवरचा क्यूआरएस अरुंद होऊ लागला. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज लावलं, जे पोटॅशियमला पेशींच्या आत लोटतं.

दोन दिवसांनी ते उठून बसले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. म्हणाले, "अगं, वाढलं होतं पोटॅशियम आणि त्यांनी दिलं कॅल्शियम. त्याने पोटॅशियम कमी होतं का?"

"नाही बाबा, कॅल्शियमने पोटॅशियम अजिबात कमी होत नाही."

"मग? नीट सांग. आणि मराठीत सांग."

तेव्हा सांगितलं ते असं. बाहेर पोटॅशियम वाढलं की हृदयाच्या पेशींचा आतला ऋणपणा घटतो. सोडियम चॅनल्स अशा पेशीत अर्धवट उघडून मग मिटून बसतात, आणि मिटलेली चॅनल्स पुढच्या ठोक्याला कामाला येत नाहीत. म्हणून ठोक्याची लहर हृदयात रेंगाळत पसरते आणि पट्टीवर क्यूआरएस रुंद दिसतो. आता पेशीपटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर मुळातच बरेच ऋण प्रभार असतात, मेदाच्या डोक्यांवर आणि प्रथिनांना लागलेल्या शर्करांवर. कॅल्शियम त्या ऋण प्रभारांभोवती गोळा होतं आणि ते झाकून टाकतं. चॅनलमध्ये ते शिरत नाही, काही अडवत नाही. पण चॅनलमधला जो भाग विद्युतदाब ओळखतो त्याला पडद्याच्या दोन बाजूंमधला फरक आता वाढल्यासारखा जाणवतो. मोजणाऱ्या यंत्राला तो आकडा बदललेला दिसत नाही, चॅनलला मात्र दिसतो. १९५७ मध्ये फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी माखळीच्या जाड चेतातंतूवर हे मोजलं होतं: बाहेरचं कॅल्शियम पाचपट कमी केलं तर चॅनल्स अशी वागतात जणू पेशीचा विद्युतदाब दहा-पंधरा मिलिव्होल्टने हलला आहे. कॅल्शियम वाढवलं की उलट दिशेने. पुस्तकातलं स्पष्टीकरण हेच. अलीकडे काही संशोधकांनी दाखवलं आहे की हृदयात कॅल्शियम चॅनलमधून आत जाणारा प्रवाहही लहर पुढे न्यायला मदत करतो आणि या उपचारात त्याचा वाटा मोठा असावा. मला ते पटण्यासारखं वाटतं, आणि बाबांनाही मी दोन्ही सांगितलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याने भोकात न जाता काम केलं." इतक्या नेमकेपणाने माझ्या एकाही विद्यार्थ्याने हे मांडलेलं नाही. "हे लिहून ठेव," म्हणाले. म्हणून लिहितेय, बाबा.

हेच उलट्या बाजूने कित्येकांनी अनुभवलं असेल. घाबरून भराभर श्वास घेतला की ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. कर्बवायू निघून जाऊन रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, आणि चेतातंतूंचं बाहेरचं झाकण पातळ होतं. तंतू विनाकारण संदेश सोडू लागतात.

न टाकलेल्या धातूची गोष्ट फार जुनी आहे, हे मला नंतर कळलं. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८२ मध्ये लिहिलं की सोडियम क्लोराइड आणि इतर क्षारांच्या द्रावणात बेडकाचं हृदय छान धडधडतं, त्या द्रावणात कॅल्शियम घालायची गरज त्यांना दिसली नव्हती. पुढे लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलं नव्हतं, नळाच्या पाण्यात केलं होतं, आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय मंदावलं आणि थांबलं. १८८३ मध्ये रिंगर यांनी स्वतःच्या आधीच्या निष्कर्षाची दुरुस्ती छापली. हृदयाच्या आकुंचनाला बाहेरचं कॅल्शियम लागतं, हे आपल्याला अशा रीतीने समजलं. ती दुरुस्ती त्यांनी छापली याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

आमच्याकडे गेल्या वर्षी हीच पाळी जस्ताने आणली. माझी एक विद्यार्थिनी एनएमडीए ग्राहीचा एक विशिष्ट प्रकार तपासत होती, ज्यात २ए नावाचा घटक असतो. सोमवारी तिला एक नॅनोअँपिअरचा प्रवाह यायचा, गुरुवारी सहाशे पिकोअँपिअर. पेशी त्याच, द्रावणाची कृती तीच. तिला वाटू लागलं होतं की तिचाच हात बसत नाहीये. "मॅडम, माझ्याकडून काहीतरी चुकतंय, पण काय ते सापडत नाही," असं ती एकदा अगदी हळू आवाजात म्हणाली, आणि मला त्या आवाजाचं वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती. हा ग्राही जस्ताला विलक्षण संवेदनशील असतो. दहा-वीस नॅनोमोलर जस्तही त्याला दाबायला पुरतं. आणि साध्या, चांगल्या, काटेकोर बनवलेल्या द्रावणातही क्षारांबरोबर आलेलं जस्त त्याच्या दहापट असू शकतं.

आम्ही सगळ्या गोष्टी एकेक करून बदलल्या. पाणी, क्षार, नळ्या. शेवटी सिरिंजपाशी आलो. काही दिवस ती द्रावण आदल्या संध्याकाळी सिरिंजमध्ये भरून ठेवायची. सिरिंजच्या दट्ट्याला काळं रबर असतं, आणि रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. रात्रभरात त्यातलं जस्त द्रावणात उतरत होतं. द्रावणात दहा मिलिमोलर ट्रायसिन घातलं. ट्रायसिन जस्ताला धरतं, पण कॅल्शियम-मॅग्नेशियमला जवळपास हात लावत नाही. त्या दिवसापासून सोमवार आणि गुरुवार सारखे झाले.

मी तिला सांगितलं की हे सोडून देऊ नकोस, वाच. कारण मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या काही चेतातंतूंच्या टोकांशी, ग्लुटामेटच्याच पुटिकांमध्ये (इवल्या पिशव्यांमध्ये), जस्त भरलेलं असतं आणि संदेशाबरोबर ते बाहेर पडतं. ग्राहीवरची ती बारीक संवेदनशीलता अशुद्धीसाठी घडलेली नाही, ती मेंदूच्या स्वतःच्या जस्तासाठी आहे. त्या ग्राहीतलं जस्त धरणारं एक हिस्टिडीन बदललेले उंदीर २०११ मध्ये तयार केले गेले, आणि त्यांना वेदना अधिक जाणवत होती. एका अमिनो आम्लाच्या बदलाने.

यानंतर आम्ही दोघींनी मिळून आमच्या सेटअपवरच्या धातूंची यादी केली. पिपेटची काच: १९८८ मध्येच दाखवलं गेलं होतं की मऊ काचेतून बहुप्रभारी आयन झिरपतात आणि पोटॅशियम चॅनलचं वागणंच बदलतात, म्हणून आम्ही बोरोसिलिकेट वापरतो, पण तीही पूर्ण निर्दोष नाही. चांदीची तार: ब्लीचमध्ये बुडवून तिच्यावर क्लोराइडचा करडा थर चढवायचा असतो. तो थर खरवडला गेला तर पिपेटचा शून्य सरकू लागतो, आणि थर शाबूत असला तरी चांदीचे आयन अगदी थोडे का होईना, पाण्यात उतरतात, जे पेशींना विषारी असतात. म्हणून बाथमधली तार आम्ही आगरच्या पुलाने, म्हणजे क्षार मिसळलेल्या जेलीच्या नळीने, वेगळी ठेवतो. स्टीलच्या सुया. पीएचचा इलेक्ट्रोड. यादी दोन पानं झाली आणि तिने ती सेटअपच्या पिंजऱ्यावर चिकटवली आहे.

आणि गेल्या महिन्यात तिने बीके लावलं. मुद्दाम, मी सांगितलं नव्हतं. तिला माझी जुनी फाइल मिळाली होती. सल्फेटऐवजी तिने एका क्राऊन ईथरचा आम्ल-प्रकार वापरला, जो बेरियमला स्वतःच्या कड्यात पकडून ठेवतो. नेटन यांनीच १९९६ मध्ये तो याच कामासाठी वापरला होता. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. लांब विश्रांती दिसेनाशा झाल्या. पूर्ण नाही. तीन उरल्या: एक दीड सेकंदाची, बाकीच्या दोन एका सेकंदापेक्षा जराशा कमी.

"मॅडम, या कशाच्या?" तिने विचारलं. "शिसे असेल का? की चॅनल आपणहून मिटलं?"

क्राऊन ईथर दुप्पट करून पाहायचं ठरलं आहे. मंगळवारी सेटअप मोकळा आहे, आणि यावेळी पोटॅशियम क्लोराइडची नवी बाटली उघडायच्या आधी तिने तक्ता उतरवून घेतला आहे.